जॉनी नुसता पडून असतो, हे कबूल, पण...

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. ‘ऑड मॅन आउट’ हा कॅरल रीडचा जुना ब्रिटिश सिनेमा बघितलास म्हणून खूश झालो आणि पुढच्याच ओळीत ‘निम्मा सिनेमा हिरो नुसता विव्हळत पडलेला असतो’ हे वाचून वैतागलो. अरे बाबा, त्याला पाडूनच तर रीडने सिनेमा उभा केलाय!

जरा आठव. जॉनी मॅक्वीन एका बंडखोर ‘संघटने’चा म्होरक्या, तुरुंगातून पळालेला, त्याच्यावर जीव असलेल्या कॅथलीनच्या घरात कित्येक महिने दडलेला. संघटनेसाठी गिरणी लुटायला निघतो तेव्हा नुसत्या रस्त्यावरच्या उजेडाने त्याला गरगरतं. पायऱ्यांवर झटापट होते, याच्या हातून एक माणूस मरतो, याला गोळी लागते, आणि पळत्या गाडीतून हा खाली पडतो. साथीदार कोपऱ्यावर गाडी थांबवून, परत जायचं की नाही यावर हुज्जत घालत बसतात. इथे नेहमीचा थरारपट संपला. यापुढे जॉनी काय करतो हे बघायचंच नाही. ज्याच्या दारात तो येऊन पडतो तो माणूस काय करतो, ते बघायचं.

त्या दोन बायका घे. लॉरीने उडवलं असेल म्हणून त्याला मायेने घरात आणतात. कोट काढल्यावर गोळीची जखम दिसते आणि खोलीतली हवाच पालटते. दया आटत नाही, पण भीती वरचढ होते. त्यांची कुजबुज ऐकून तो आपणच उठतो, धडपडत बाहेर पडतो. कुणी हाकलत नाही, कुणी ‘थांब’ही म्हणत नाही. मग तो घोडागाडीवाला! जॉनीला उतरवताना सांगतो काय, तर तुझी माणसं भेटली तर मी मदत केली म्हणून सांग, आणि पोलिसांनी धरलं तर माझं नाव घेऊ नकोस. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा माणूस इतक्या थोडक्यात रंगवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. पाखरं विकणारा कंगाल शेल तर बक्षिसाच्या आशेने जॉनीचा सौदा करायला चक्क पाद्र्याकडे जातो, तोही जखमी पाखराच्या भाषेत. ते काम करणारा एफ. जे. मॅकॉर्मिक डब्लिनच्या ॲबी थिएटरचा नट. सिनेमा आला त्याच वर्षी, १९४७ साली, तो गेला.

आता जॉनी झालेला जेम्स मेसन. हालचाल नाही, संवाद तुटक, चेहऱ्यावर घाम. एवढ्या भांडवलावर त्याने दोन तास आपल्याला धरून ठेवलंय. दारूच्या गुत्त्यात त्याला एका कप्प्यात कोंडतात, तो प्रसंग पुन्हा बघ. टेबलावर सांडलेल्या दारूच्या बुडबुड्यांत त्याला दिवसभरातले चेहरे दिसू लागतात, एकेका बुडबुड्यात एकेक, आणि सगळे एकदमच बोलायला लागतात. (तो गुत्ता बेलफास्टच्या क्राउन बारवरून स्टुडिओत उभारलेला. शहराचं नाव मात्र सिनेमात कुणी घेत नाही, ‘संघटने’चंही नाही.) त्याच्या पावलांना ती संथ, जड लय आहे ना, ती उगीच नाही. संगीतकार विल्यम ऑल्विनने ती धून चित्रीकरणाआधीच बांधली होती, मेसनला त्या ठेक्यावर चालता यावं म्हणून.

तुझी एक तक्रार मान्य. चित्रकार लुकीचा भाग ताणलाय. मरणाऱ्याच्या डोळ्यांतलं काहीतरी कॅनव्हासवर पकडायचंय ही कल्पना भन्नाट, पण रॉबर्ट न्यूटन इतका आरडाओरडा करतो की कल्पना बाजूला राहते आणि न्यूटन तेवढा दिसतो. तिथे मीही घड्याळ बघितलं.

शेवटाला तू ‘फिल्मी’ म्हणतोस ते मात्र पटत नाही. सगळ्यांनी त्याचा हिशेब मांडलेला असतो: बक्षीस, चित्र, त्याचा आत्मा, स्वतःची कातडी. एकटी कॅथलीन हिशेब करत नाही. पोलिसांच्या दिशेने गोळ्या झाडते त्या, पलीकडून काय येणार हे पुरतं ठाऊक असून. जॉनीच्या मागावर असलेला तो पोलीस इन्स्पेक्टरही आठवडाभर मनातून गेला नाही. सभ्य बोलतो आणि तसूभर हलत नाही.

तर पुन्हा बघ, आणि या खेपेला जॉनीला सोडून बाकीच्यांवर नजर ठेव. त्यानंतरही कंटाळलास तर सविस्तर भांडू. वहिनींनी बघितला असेल तर त्यांचं मत आधी कळव, तुझं नंतर.

तुझाच,
अव्या