हिरव्या त्रिकोणाचा अर्थ शेतकऱ्याला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की आपल्या भागात सुनेच्या तपासण्या सुरू होतात आणि सौंदत्तीच्या यल्लमाला नवस बोलला जातो. मुलाची वीर्यतपासणी मात्र सर्वांत शेवटी, तीही नाइलाजाने होते. वास्तविक अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा अंशतः वाटा असतो. तपासणी झालीच, तरी ‘पिकावर कीड-बुरशीचे औषध फवारता का?’ असे त्याला क्वचितच कोणी विचारते. अथणीची द्राक्षे, निपाणीचा तंबाखू आणि बेळगाव तालुक्यातला भाजीपाला पिकवणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न खरे तर पहिला हवा.

1977 साली कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक (जमिनीतील सूक्ष्म कृमी मारणारे औषध) हाताळणारे कामगार एरवी धडधाकट होते. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूल होत नाही, हे त्यांच्या आपसांतल्या बोलण्यातून पुढे आले. तपासणीत अनेकांचे शुक्राणू अत्यल्प किंवा शून्य निघाले. काम सुटल्यावर काहींचे पूर्ववत झाले, काहींचे कधीच झाले नाहीत.

आपल्याकडे डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहून औषध ‘कडक’ की ‘साधे’ ते ठरवले जाते. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग त्या औषधाने तत्काळ विषबाधा किती होईल एवढेच सांगतात. वर्षानुवर्षांच्या संपर्काने शुक्राणूंवर काय परिणाम होईल, हे त्यातून कळत नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक तत्काळ विषबाधेच्या दृष्टीने सौम्य गटात मोडते. मात्र उंदरांवरील प्रयोगांत त्याने वृषणांना इजा झालेली आहे आणि युरोपीय संघाने त्याची नोंद प्रजननास घातक रसायनांत केली आहे. हिरवा त्रिकोण बघून उघड्या हाताने औषध कालवणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते.

दुसरी गोष्ट संकोचाची असली, तरी लिहिणे भाग आहे. पाठीवरचा पंप गळतो, पाणी कंबरेवरून ओघळून चड्डी भिजते आणि माणूस तसाच दुपारपर्यंत फवारत राहतो. पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या माणसांवरील चाचणीत अंडकोषाच्या त्वचेने हाताच्या त्वचेच्या दसपटीहून अधिक औषध शोषल्याचे आढळले होते. मास्क लावा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात, ओले कपडे लगेच बदला म्हणून सांगणारा विरळाच.

प्रत्येक कमी आलेल्या रिपोर्टला फवारणीच जबाबदार असते असे नाही. तंबाखू, अंडकोषातील फुगलेल्या शिरा, गालगुंड, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांसमोरची उष्णता अशी इतरही कारणे असतात. परंतु शुक्राणू तयार होण्यास सुमारे 74 दिवस लागत असल्याने, ऐन फवारणीच्या हंगामातील एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. डॉक्टरांनी व्यवसायाची नोंद करून, औषधापासून तीन महिने दूर राहिल्यानंतर तपासणी पुन्हा करण्याचा सल्ला द्यावा. तसेच कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांनी आणि औषध विक्रेत्यांनी त्रिकोणाचा खरा अर्थ व कपड्यांची ही खबरदारी दुकानाच्या दारावर ठळक अक्षरांत, कन्नडबरोबर मराठीतही लावावी, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक
कडोली, ता. बेळगाव