एक मैदान, दोन संघ : फुटबॉलसाठी मदतीचे आवाहन

महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

आपले महाविद्यालय लहान. मोठ्या ठिकाणी निवड चाचणीला झुंबड उडते. आपल्याकडे अकरा जण जमवताना नाकी नऊ येतात. सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर नियमाप्रमाणे सामना सुरूच होत नाही, त्यामुळे परीक्षा आणि दुखापती एकदम आल्या की आमचा जीव टांगणीला लागतो. तरीही मुलांचा आणि मुलींचा, दोन्ही संघ चालू ठेवायचे असे समितीने ठरवले आहे. त्यासाठी आपला हातभार हवा आहे.

पहिला खर्च गोलपोस्टचा. आपले पोस्ट हलवता येण्याजोगे आहेत आणि असे पोस्ट जमिनीला घट्ट जखडलेले असलेच पाहिजेत. अंगावर पडला तर जिवावर बेतते. त्यामुळे जमा होणाऱ्या पैशातून आधी हे काम होईल, बाकीचे मागून.

मग बॉल. 5 नंबरचा बॉल सामन्याच्या सुरुवातीला 410 ते 450 ग्रॅम भरायला हवा. शिवण उसवलेला बॉल ओल्या मैदानावर पाणी पितो आणि दगडासारखा लागतो. तसल्या बॉलवर हेडिंगचा, म्हणजे डोक्याने बॉल मारण्याचा, सराव प्रशिक्षकांनी बंद केला आहे, आणि योग्यच केले. शिनगार्डशिवाय, म्हणजे नडगीवर बांधायच्या संरक्षक पट्टीशिवाय, पंच मैदानात उतरू देत नाहीत, म्हणून तेही हवेत. गोलरक्षकाचे चांगले हातमोजे सध्या एकच जोडी आहेत, तेही मुलांच्या मापाचे. मुलींची गोलरक्षक ते घालते तेव्हा बोटांची टोके रिकामी राहतात आणि बॉल अडवताना नेमकी तीच दुमडतात.

वापरलेले बूट चालतील. सोल सुटलेले मात्र कृपया देऊ नका. ते शेवटी आम्हालाच टाकावे लागतात. मुलींसाठी लहान मापाचे बूट मिळाले तर फार बरे, कारण मापापेक्षा मोठ्या बुटात टाच सरकते. शिवाय गुडघ्याच्या लिगामेंटची (हाडे जोडून ठेवणाऱ्या पट्ट्याची) दुखापत महिला खेळाडूंमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळते. ‘फिफा 11+’ हा सुमारे 20 मिनिटांचा वॉर्म-अप नियमित केल्यास दुखापती कमी होतात आणि त्याला जवळपास काहीच खर्च नाही. तो नीट शिकवणारे कुणी मात्र हवे. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी फिजिओथेरपिस्ट असतील तर त्यांनी पैशाऐवजी वेळ दिला तरी आम्ही ऋणी राहू.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. ‘फक्त मुलांच्या संघासाठी’ अशी अट घातलेली देणगी समिती घेणार नाही. निधी एकच राहील आणि तो निम्मा-निम्मा वापरला जाईल. मुलींचा सामना बघायला येते कोण, असे आम्हाला ऐकवले जाते. 1920 साली लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांच्या सामन्याला सुमारे 53,000 प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद केली, ती जवळपास 50 वर्षे. बघणारे होते, मैदानच काढून घेतले गेले. आपल्याकडे सरावाच्या वेळा आता आलटून-पालटून ठरतात, त्यामुळे अंधार पडतानाची वेळ दर वेळी मुलींच्याच वाट्याला येत नाही.

रोख देणगी आणि साहित्य क्रीडा विभागाच्या कार्यालयात स्वीकारले जाईल. पावती आठवणीने घ्यावी. हंगाम संपल्यावर जमाखर्च सूचना फलकावर लावला जाईल. प्रवासासाठी गाडी देऊ शकणाऱ्यांनी सामन्यांचे वेळापत्रक लागण्याआधी कळवले तर सोयीचे होईल.

आपली,
फुटबॉल समिती