काय बोलायचं ते तुम्ही सांगितलं नाहीत, त्याबद्दल

ती. काकांना सा. न. वि. वि.

मी पेढे घेऊन आले, तर तुम्ही पुडा उघडलासुद्धा नाहीत. "साक्षीदाराकडून काही घ्यायचं नसतं, बाई. साक्ष झाल्यावरही नाही." म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, म्हणजे परत पाठवायची सोय नाही. तुमचं नाव लिहीत नाही. माझं, गल्लीचं, पोलीस ठाण्याचं, कुणाचंच नाही. प्रकरण अपिलात आहे, तेव्हा निकालाबद्दलही इथे अवाक्षर काढणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. बडोद्यात उत्तरायणाच्या दुपारी सगळं गाव गच्चीवर असतं आणि सगळ्यांच्या माना वर. त्या दिवशी माझी एकटीची मान खाली होती. वाळत घातलेल्या साडीत कुणाचा तरी मांजा अडकला होता आणि मी कठड्यावरून वाकून तो सोडवत होते. म्हणून खालच्या ओट्यावर झालं ते मला दिसलं. फिरकीवरून बाचाबाची. एक मुलगा समोरच्या घरातला, दुसरा गल्लीच्या टोकाचा, दोघंही माझ्या हातचा तिळगूळ खाऊन मोठे झालेले. बोटांना गुंडाळायची पट्टी कापायला आणलेला कटर कुणाच्या तरी हाताशी होता. दहा सेकंदंसुद्धा लागली नसतील. वर 'लपेट, लपेट'चा गलका, त्यात खालची किंकाळी कोण ऐकणार? समोरच्या मुलाची दोन बोटं अजून मिटत नाहीत.

रात्री आमचे हे म्हणाले, "तूही वरच बघत होतीस. सगळेच वर बघत होते." भित्रा माणूस नाही हो. पण पस्तीस वर्षं ज्या गल्लीत दूध आणायला जायचं, तिथे कुणाच्या पोराविरुद्ध बोट दाखवायचं म्हणजे काय, ते त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

मग ठाण्यातून फोन: रात्री आठ वाजता जबाबाला या. भाची म्हणाली, कोर्टाच्या आवारात मोफत कायदा सल्ल्याचं टेबल असतं, तिथे विचार. गेले, तर टेबलामागे तुम्ही. कोर्टाच्या कचेरीतले निवृत्त शिरस्तेदार, कानात यंत्र, समोर स्टीलचा पेला. मी सगळं सांगायला सुरुवात केली तसा तुम्ही हात वर केलात. "काय पाहिलंत ते मला सांगू नका. अडचण काय आहे, ते सांगा."

मला रागच आला होता. मदत मागायला आलेल्या बाईचं कुणी ऐकूनच घेत नाही म्हणजे काय! आता कळतं की सगळी मेख तिथेच होती. तुम्ही ऐकलं असतंत, तर 'असं म्हणा, तसं म्हणू नका' हे ओघानं आलंच असतं, आणि पुढे समोरच्या वकिलांनी विचारलं, की तुम्हाला कुणी शिकवून पाठवलं का, तेव्हा माझी जीभ अडखळली असती. अडखळली नाही.

पहिली गोष्ट तुम्ही सांगितलीत ती ही, की साक्षीदार बाईला पोलिसांनी ठाण्यात बोलवायचंच नसतं. ती राहते तिथे येऊन विचारायचं. हे जुन्या कायद्यातही होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्यातही आहे; पुरुषांना ही सवलत जुन्यात पासष्टीच्या पुढे होती, नव्यात साठीच्या पुढेच मिळते. "भांडायचं नाही. नुसतं विचारायचं, साहेब, घरी कधी येताय?" मी तेवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार आणि एक महिला कॉन्स्टेबल आले, चहा घेतला, तासाभरात गेले.

जबाब गुजरातीत लिहिला होता. मला गुजराती बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. अक्षर अक्षर लावत गेले तर 'उजव्या हातात' असं लिहिलेलं. मी हात कुठला ते म्हटलंच नव्हतं, मला दिसलाच नव्हता. दुरुस्त करा म्हटलं तर, "बेन, एवढ्यानं काय होतं, सही करा." तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, की पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही लागत नाही, कायदाच तसा आहे. मी सही केली नाही. कॉन्स्टेबल मुलगी जमादाराकडे बघून हळूच म्हणाली, "बरोबर आहे, साहेब." शब्द खोडला गेला. त्या मुलीचेही इथेच आभार मानते.

त्यानंतर चिवडा आला. गल्लीच्या टोकाच्या मुलाची आत्या, वीस वर्षांची माझी मैत्रीण, स्टीलच्या डब्यात लीलो चेवडो घेऊन आली. इकडचं तिकडचं बोलली, उठता उठता म्हणाली, "भाभी, त्या दिवशी तुम्ही चष्मा घातला होतात ना? नाही, असंच विचारलं." धमकी अशीही असते, ताटलीतून येते. चार दिवसांनी आमच्या ह्यांच्या स्कूटरच्या सीटवर लांब चीर. कुणी केली ते माहीत नाही, म्हणून कुणावर घेत नाही.

त्या दिवशी मी तुम्हाला येऊन म्हटलं, मला नाही जमायचं. तुम्ही उपदेश केला नाहीत, बाकावर बसवून बेस्ट बेकरीची हकीगत काढलीत. आपल्याच गावातली, १ मार्च २००२ ची. हनुमान टेकडीवर जमावानं बेकरी पेटवली, १४ जीव गेले. जून २००३ मध्ये जलदगती न्यायालयात सगळे २१ आरोपी सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेरखटला, तोही गुजरातबाहेर चालवायला लावला. २००६ साली मुंबईत नऊ जणांना शिक्षा झाली, पुढे उच्च न्यायालयानं त्यातल्या पाच जणांना सोडलं. आणि सारखी जबानी बदलणाऱ्या मुख्य साक्षीदार मुलीला अवमानाबद्दल वर्षाची कैद झाली. मी तेव्हा याच गावात होते, रोज पेपर वाचत होते, आणि इतरांसारखीच त्या मुलीला नावं ठेवत होते.

तुम्ही म्हणालात, "फितूर हा किल्ल्यावरचा शब्द. किल्लेदारानं मोहरा घेऊन दिंडी उघडली, की तो फितूर. आपण तोच शब्द अशा माणसाला लावतो, ज्याच्या दाराला कडीसुद्धा धड नसते."

मग खणातून अर्ज काढलात. सर्वोच्च न्यायालयानं ५ डिसेंबर २०१८ ला साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि संसद कायदा करेपर्यंत हाच कायदा समजा असं सांगितलं. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, सोबत पोलीस प्रमुख आणि सरकारी वकिलांचे प्रमुख. त्यांच्यापुढे अर्ज करायचा. धोका किती, याचा अहवाल पोलिसांनी कामाच्या पाच दिवसांत द्यायचा. मला वाटलं होतं, संरक्षण म्हणजे दारात बंदूकवाला, आणि मग गल्लीत तोंड कसं दाखवायचं! मला मिळालं ते साधंच होतं. संध्याकाळी गस्तीची गाडी एक फेरी जास्त मारायची. तारखेला आरोपीच्या माणसांसोबत एका व्हरांड्यात उभं न करता वेगळ्या खोलीत बसवलं. ती खोली नसती तर मी बोलले नसते, हे स्पष्ट सांगते.

आता तुमच्यावरच्या रागाचं. एकदा मी आले, तर टेबलासमोर ती आत्या बसलेली आणि तुम्ही तिला कागद भरून देत होतात. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, तो कागद. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या बाजूचा माणूस त्यांच्या बाजूला! ती गेल्यावर मी तोंडावर बोलले. तुम्ही कानातलं यंत्र काढून पुसलंत, परत घातलंत आणि म्हणालात, "माझी बाजू हे टेबल आहे. त्या पोराला वकील नसला, तर तुमच्या साक्षीला उद्या कोण विचारतो?" मी तणतणत घरी गेले. पटायला आठवडा लागला. पटलं ते असं, की आत्याचं माझ्याकडे येणं त्या दिवसापासून थांबलं. तिला जायला दुसरं दार मिळालं होतं.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी परवानगी काढून तुम्ही मला रिकामं कोर्ट दाखवलंत. पिंजऱ्यात उभं केलंत. न्यायाधीश कुठे, आरोपी कुठे, टाइप करणारा कुठे. "बोलताना त्याच्या बोटांकडे बघा. बोटं थांबली की पुढचं वाक्य." आणि "माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा. त्यात कमीपणा नाही." एवढीच तुमची शिकवणी.

त्याआधी दोन तारखा फुकट गेल्या होत्या. तिसऱ्या वेळीही पुढची तारीख पडायच्या बेतात होती. साक्षीदार हजर असताना न तपासता परत पाठवायचं, तर खास कारण लिहावं लागतं, हे तुम्ही सरकारी वकील बाईंच्या कानावर घातलंत, त्या उठून बोलल्या आणि साडेतीन वाजता मला पुकारलं. उलटतपासणी तास-सव्वा तास चालली. चष्म्याचा नंबर विचारलाच. हात कुठला? "दिसला नाही." कटर कुणी आणला? "माहीत नाही." चार वेळा 'माहीत नाही' म्हटलं आणि प्रत्येक वेळी बोटं तेही टाइप करताना बघितली. जे पाहिलं ते एकदाच सांगायचं होतं, ते सांगितलं.

बाहेर समोरच्या मुलाचा थोरला भाऊ उभा होता. वाकून पाया पडला आणि पुटपुटला, "काकी, दिवाळीनंतर बघून घ्यायचं ठरवलं होतं मी. माणसंपण बोलावली होती." पुढे काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. घरी आल्यावर पाय कापायला लागले ते त्या वाक्यानं. कोर्टातलं तर संपलं होतं.

एक तक्रार आहे, ती मात्र तुमच्यासाठी नव्हे. हे सगळे नियम होतेच. घरी जबाब, सही नाही, वेगळी खोली, अर्ज. मला मिळालेल्या समन्सच्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं, फक्त हजर राहिला नाहीत तर काय होईल ते होतं. त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पाच ओळी छापल्या, तर निवृत्त माणसाला भर दुपारी टेबल धरून बसावं लागणार नाही. तुम्ही म्हणाल, मग मी घरी बसून काय करू? ते वहिनींना विचारा.

चिवड्याचा डबा इतके दिवस फडताळात वरच्या फळीवर होता. परत करू का, असं तुम्हाला विचारलं होतं. "साक्ष होईपर्यंत घ्यायचं नाही, द्यायचं नाही." चिवडा खाल्ला नव्हता, टाकवलाही नव्हता, शेवटी मुंग्या लागल्या. यंदा संक्रांतीच्या सकाळी डबा घासला. रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून तिळाच्या वड्या भरल्या आणि गल्लीच्या टोकाला गेले. आत्यानं दार उघडलं, डबा घेतला, काही बोलली नाही. दार मात्र मी तिसऱ्या घरापर्यंत पोचेतो उघडंच होतं.

आपली,
गल्लीतली, खाली बघणारी