सड्यावरच्या काकांना, मनापासून

काका, नमस्कार.

तुम्ही फोनवर काही वाचत नाही, माहितीये मला. नातीला सांगितलंय वाचून दाखवायला. घरी येऊन आठ दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

माझे आजोबा सावंतवाडीहून मुरगाव बंदरात हमालीला गेले होते. मरेपर्यंत एकच गोष्ट सांगायचे, की एका रात्री गोळ्यांचे आवाज आले, बंदरात उभी असलेली जर्मन जहाजं पेटली आणि ती आग लावायला इंग्रज आले होते. "दर्यात उजेड पडलो होतो" असं म्हणायचे. घरात कोणीच विश्वास ठेवला नाही. गोवा पोर्तुगीजांचा, पोर्तुगाल युद्धात तटस्थ, मग इंग्रज येतील कुठून? पाहुण्यांसमोर त्यांना थापाड्या म्हणायचे लोक, आणि बाबा लहानपणी ते ऐकत बसायचे. बाबा आता एकोणऐंशीचे आहेत, त्यांना अजून ते लागतं.

म्हणून मी शोधायला लागले. एका ऑफिसात तीन खेपा घातल्या, दर वेळी साहेब मीटिंगला. एका जाणकार म्हणवणाऱ्यांनी तर भर कार्यक्रमात मला थांबवलं, म्हणाले अहो ताई, हमालांच्या गप्पांवर इतिहास लिहीत नसतात. त्या दिवशी घरी येऊन मी रडले होते काका, आज पहिल्यांदा सांगतेय.

आणि मग वास्कोत कोणीतरी म्हणालं, सड्यावर एक रिटायर्ड काका आहेत, बंदरात नोकरी केलीये, त्यांना विचारा. मी दारात उभी राहून जेमतेम दोन वाक्यं बोलले असेन, तुम्ही म्हणालात, "तुझा आजो खरं सांगत होता. नऊ मार्च, त्रेचाळीस." मला तिथेच पायरीवर बसावं लागलं.

मग तुम्ही कठड्यावर चार काजूबिया मांडल्यात. एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही तीन जर्मन आणि आन्फोरा हे इटालियन, युद्ध लागल्यावर आसऱ्याला येऊन अडकलेली. एहरेनफेल्सवरून लपवलेल्या वायरलेसने पाणबुड्यांना खबरा जातात असा इंग्रजांचा संशय. पण तटस्थ बंदरात नेहमीचं सैन्य पाठवणार कसं? म्हणून त्यांनी माणसं घेतली कुठून, तर कलकत्ता लाइट हॉर्स! हे मला अजून झेपलेलं नाही. १८७२ मध्ये उभी राहिलेली घोडदळाची रेजिमेंट, तीसुद्धा फावल्या वेळातली. चहाचे व्यापारी, तागाच्या कंपन्यांमधले साहेब, अकाउंटंट, सकाळी मैदानावर घोडा आणि मग ऑफिस. बोअर युद्धासाठी कलकत्त्यात लम्सडेन्स हॉर्स नावाची स्वयंसेवकांची तुकडी उभी राहिली तेव्हा अशाच हौशी घोडेस्वारांमधून माणसं गेली होती, आफ्रिकेत लढली होती. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, पोटं सुटलेली, केस पिकलेली ही माणसं घरी खरं काही न सांगता कोचीनपर्यंत आली आणि फीबी नावाच्या गाळ वाहायच्या बार्जवर चढली. लाइट हॉर्सचे चौदा, कलकत्ता स्कॉटिश या तशाच दुसऱ्या हौशी पलटणीचे चार, बरोबर मोहिमेचे म्होरके कर्नल प्यू. म्हणजे रेजिमेंट घोड्यावरची आणि दुसऱ्या महायुद्धातली तिची नाव घेण्यासारखी कामगिरी समुद्रातली. एहरेनफेल्सवर चढले, कॅप्टन मारला गेला, खलाशांनी स्वतःच जहाजं बुडवली आणि पेटवली, चारही गेली. हल्लेखोरांपैकी एकही मेला नाही. पदक कुणालाच नाही, कारण असं काही झालंच नाही असं ठरलेलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते बाहेर आलं नाही, आणि रेजिमेंट तर १९४७ लाच मोडली. आजोबा १९७१ ला गेले काका. सात-आठ वर्षं अजून जगते तर कोणीतरी त्यांना सांगितलं असतं की तुम्ही बरोबर होतात.

पण मला आभार मानायचेत ते या माहितीचे नाहीत, ती कधीतरी कुठेतरी मिळालीच असती. तुम्ही आतून ती मेणकापडाच्या कव्हरची वही आणलीत, जहाजांची नावं, लाइट हॉर्सचे कर्नल ग्राइस, प्यू असं सगळं ओळीने लिहिलेलं. दोरा बांधलेला चष्मा नाकावर चढवलात, पेन्सिल थुंकीने ओली केलीत आणि विचारलंत, "आजोचं नाव काय?" मी सांगितलं. तुम्ही गाव विचारलंत, वडिलांचं नाव विचारलंत, आडनाव नीट लिहिलंय का म्हणून वही माझ्याकडे वळवून दाखवलीत. आणि त्याच पानावर, साहेबांच्या नावांखाली, जागा कमी पडत होती तरी वेगळ्या पानावर न जाता बारीक अक्षरात लिहिलंत. पुढे लिहिलंत, 'बंदरावर होते, पाहिलं.'

त्या रेजिमेंटमध्ये आपल्या माणसाला भरतीच नव्हती, गोरे आणि फार तर अँग्लो-इंडियन. आणि धक्क्यावरून बघणाऱ्या हमालांची नावं विचारायला कोण बसलंय? तुम्ही विचारलंत. अशी माणसं असतात म्हणून बरं वाटतं हो, ज्यांना समोरच्याला दारात ताटकळत ठेवावंसं वाटत नाही, जे कुठल्या पदावर नसतात, पाटी नसते, पण ज्यांच्या घरी गेलं की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. काकूंनी निघताना सोलकढीची बाटली दिली ती बसमध्ये सांडली थोडी, पण उरलेली बाबांनी प्यायली.

त्या पानाचा मी काढलेला फोटो बाबांना मोठा करून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मोठ्या काकांच्या मुलांना पाठव आधी. पाठवला. आता त्यांना सड्यावर यायचंय, ती वही हातात घ्यायचीये. गुडघे दुखतात त्यांचे, पण मे महिन्यात घेऊन येतेय. पायऱ्या किती आहेत तेवढं नातीकडून कळवा.

तुमचीच,
हमालाची नात