प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांशेजारी एक खुर्ची हवी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

मी 28 वर्षे ग्रामीण भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी होतो. निवृत्त झालो, तरी एक बाई डोळ्यांपुढून हलत नाहीत. पन्नाशीच्या, मधुमेहाच्या रुग्ण. दर महिन्याला रांगेत उभ्या राहायच्या. मी केसपेपरवर त्याच गोळ्या लिहायचो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारायचो. गोळी घेतली की गरगरतं म्हणून त्या वर्षभर अर्धीच घेत होत्या. हे मला कळलं, तेव्हा पायाचं बोट काळं पडलं होतं. वर्षभरात मी त्यांचे पाय एकदाही पाहिले नव्हते.

ओपीडी चालू असतानाच शवविच्छेदनाचा निरोप यायचा. तालुक्याची बैठक, कोर्टातली साक्ष, आश्रमशाळेतली तपासणी वेगळीच. डोंगरी-आदिवासी भागात 20,000 आणि सपाटीवर 30,000 लोकांमागे एक केंद्र, हा निकष. पदं दोन मंजूर असली, तरी बरेच दिवस मी एकटाच असायचो.

साहेब, म्हणून ही विनंती: प्राथमिक आरोग्य केंद्रांत फिजिशियन असिस्टंटची, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणाऱ्या प्रशिक्षित सहायकांची, पदं निर्माण करा. 1965 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. पहिले विद्यार्थी होते नौदलात रुग्णसेवा केलेले जवान. आज तिथे अनेक कुटुंबांना नेहमीच्या दवाखान्यात हेच लोक तपासतात. आपल्याकडे 1992 मध्ये चेन्नईला डॉ. के. एम. चेरियन यांनी ही वाट पाडली. 2021 च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाची नोंदही आहे. पण ही शिकलेली मुलं-मुली मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत, हृदयशस्त्रक्रियेच्या नाहीतर अतिदक्षता विभागात दिसतात. गावाकडे त्यांना पदच नाही.

माझ्या शेजारी असा एक माणूस असता, तर त्या बाईंना पंधरा मिनिटं मिळाली असती. चप्पल काढायला लावून तळपाय पाहिले असते. गोळ्यांची पाकिटं मोजली असती. "गरगरतं कधी, जेवणाआधी की नंतर?" हे विचारलं असतं आणि डोस बदलायचा का, ते मला येऊन विचारलं असतं. पुढच्या महिन्यात तोच चेहरा समोर असता, म्हणजे बाई मोकळेपणाने बोलल्या असत्या. मला वाटतं, औषधाइतकाच या ओळखीचाही गुण येतो.

उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्याकडून आलेला रुग्ण केंद्रात पोचतो, तिथली गर्दी तशीच राहते.

गरिबांना अर्धा डॉक्टर देताय, असा आक्षेप येईल. तो खरा ठरू नये, याची काळजी आपणच घ्यायची आहे. इंग्लंडमध्ये यावर मोठा वाद झाला. 2025 च्या सरकारी आढाव्यात, निदान न झालेले रुग्ण असिस्टंटनी सरसकट पाहू नयेत, अशी शिफारस झाली. ती आपण पहिल्या दिवसापासून पाळावी. नवीन तक्रार आधी डॉक्टरांनीच पाहावी. मधुमेह, रक्तदाब, दमा यांचा पाठपुरावा असिस्टंटकडे असावा. छातीवर मराठीत ठळक हुद्दा हवा, म्हणजे समोर कोण आहे ते रुग्णाला कळेल. आणि त्यांच्या नावाखाली डॉक्टरांचं एकही पद रिकामं ठेवू नये.

एका आदिवासी तालुक्यापासून सुरुवात करा. तिथे येणाऱ्या मुलामुलींना रुग्णाचे पाय कसे तपासायचे ते शिकवायला मी विनामानधन येईन.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी