अंगठीचा खुलासा

रोम, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

प्रयोगशाळेतून केलेल्या व्हिडिओ कॉलवर आईने माझ्या बोटातली अंगठी पाहिली आणि आधी हरखून, मग घाबरून जे विचारले, त्याचे नीट उत्तर देते. ती अंगठी बोटांना किती किरणोत्सार लागला ते मोजते. कोणी घातलेली नाही.

ज्या पेनाएवढ्या शलाकेची आम्ही चाचणी घेतो, ती स्वतः किरणे सोडत नाही, फक्त मोजते. मेनिंजिओमाच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या गाठीच्या पेशींना चिकटणाऱ्या औषधाला यिट्रियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य जोडायचे, ते शस्त्रक्रियेआधी शिरेतून द्यायचे आणि गाठ काढल्यावर शलाका फिरवून काही मागे राहिले का ते पाहायचे, असा बेत आहे. गॅमा किरणे शरीर भेदून दुरूनही येतात आणि गोंधळ होतो; यिट्रियमचे बीटा कण शरीरात फार तर सेंटीमीटरभर जातात, त्यामुळे टोक उरलेल्या तुकड्यापाशी नेले की आकडा चढतो, जरा सरकवले की पडतो. बाबा, बोस्टनच्या सर्जनांनी किरणोत्सारी फॉस्फरस-३२ आणि किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर वापरून असा प्रयत्न केल्याचा वृत्तांत १९४९ सालचा आहे.

माझ्या आणि यिट्रियमच्या मध्ये ॲक्रिलिकचा जाड पडदा असतो (नुसते शिसे लावले तर बीटा कण त्यात अडताना क्ष-किरण निघतात) आणि दर ६४ तासांनी यिट्रियम निम्मे होते. वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेमधून अशीच किरणोत्सारी औषधे इस्पितळांना जातात, आणि बाबा ठाण्याहून रोज त्याच वाशीला नोकरीला जात होते, तेव्हा आईला कधी भीती वाटली नाही.

इथल्या लोकांना भीती वाटते ती वाऱ्याची. यिट्रियमची कुपी शांतपणे हाताळणारे माझे वरिष्ठ मे महिन्यातही गळ्याला रुमाल गुंडाळतात, खिडकीची फट दिसली की धावत जाऊन बंद करतात, आणि मी ओल्या केसांनी आले तर ‘कोल्पो दारिया’, म्हणजे वाऱ्याचा झटका, बसेल म्हणून मला रागावतात; मान धरणे, पोट बिघडणे, सगळे त्यानेच होते म्हणे. आई, तुझे त्यांच्याशी फार जमेल.

पुनर्विकासासाठी घर रिकामे करायचे आहे, म्हणून डिपॉझिटचे दीड लाख बाबांच्या खात्यात पाठवले आहेत. ते परत करण्याचा विषय नको. डोंबिवलीच्या स्थळाला नकार कळवावा, मात्र किरणांचे कारण सांगू नये. दिवाळीला येणे जमणार नाही. आत्याच्या पुढच्या एमआरआयची तारीख कळवा. ‘दिसले तेवढे काढले’ असे तिचे डॉक्टर तुम्हाला सांगत होते, त्या दुपारी मी इथे शलाकेचे आकडे वहीत उतरवत होते.

तुमची,
मनू