८ जे रिमवर २५५ चा टायर: तुमच्याच कॅटलॉगात न बसणारं माप मला का विकलं?

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि तांत्रिक विभाग प्रमुख

विषय: रिमच्या रुंदीला न चालणारे दोन पुढचे टायर विकून बसवल्याबद्दल तक्रार, पूर्ण परताव्याची मागणी

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवरचा माझा चौथा फोन २६ मिनिटांनी तुटला. तोडला तुमच्या माणसाने. पाचवा फोन मी करणार नाही, म्हणून हे पत्र.

गाडी पोर्श ७१८ केमन एस. पुढचं रिम ८ जे (म्हणजे ८ इंच रुंद), १९ इंच व्यासाचं, ईटी ५७ (रिमचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर, मिमीत). त्यावर मूळ टायर २३५/४० आर १९, म्हणजे २३५ मिमी रुंद, साइडवॉलची (बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ४० टक्के, १९ इंची रिमसाठी. मागे १० जे रिमवर २६५/४० आर १९. गाडी ट्रॅकवर जात नाही. पुणे शहर, द्रुतगती मार्ग आणि पावसाळ्यात लोणावळा, ताम्हिणी एवढाच तिचा वापर. वळणात शिरताना पुढचं टोक थोडं बाहेर सरकतं, ते कमी व्हावं म्हणून पुढे जरा रुंद टायर हवा होता. मी तुमच्या सल्लागाराला लेखी विचारलं होतं: "८ जे रिमवर २३५ पेक्षा रुंद कोणता टायर चालेल?" रिमची रुंदी प्रश्नातच होती. उत्तर एका ओळीचं आलं: "२५५/३५ आर १९, परफेक्ट फिट." त्या भरवशावर तुमच्याच अधिकृत केंद्रात टायर बसवले.

तुमच्या कॅटलॉगात २५५/३५ आर १९ या मापासमोर रिमची रुंदी ८.५ ते १० इंच छापली आहे. ८ त्यात नाही. ईटीआरटीओ या टायर-रिमची मापं ठरवणाऱ्या युरोपीय संस्थेच्या मानकातही नाही. हे तुम्हाला मी सांगावं लागतंय यातच सगळं आलं.

तरी लिहितो, म्हणजे "ग्राहकाचा गैरसमज" असा शेरा मारून फाइल बंद करता येणार नाही. २५५/३५ ची रुंदी ९ इंची रिमवर मोजलेली असते आणि तिथे ती साधारण २६० मिमी भरते. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झालं की ही रुंदी सुमारे ५ मिमीने घटते. म्हणजे ८ इंचीवर राहतात २५० मिमी, आणि ते मिळतात बीड (टायरची रिमवर बसणारी कड) आत ओढून, साइडवॉल फुगवून, ट्रेडला मधून कुबड आणून. रस्त्याला टेकतो तो मधला पट्टा, खांदे नुसते फिरतात. स्टिअरिंग वळवल्यावर आधी साइडवॉल मुडपते आणि मग चाक ऐकतं. जो आळस घालवायला रुंद टायर घेतला तोच वाढला.

शिवाय टायर रुंद झाला म्हणून जमिनीला टेकणारा ठसा मोठा होत नाही. वजन तेच, हवेचा दाब तोच, तर क्षेत्रफळही जवळपास तेवढंच राहतं. ठसा फक्त आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या वळणात त्याचा फायदा आहे, पण साचलेल्या पाण्यावर तोटा, कारण असा टायर कमी वेगालाच पाण्यावर तरंगायला लागतो. जुलैतला खंडाळा बघितलेल्या कंपनीने हे ग्राहकाला आपणहून सांगायला हवं होतं.

आता उंची. २३५/४० चा व्यास ६७०.६ मिमी, २५५/३५ चा ६६१.१. गाडीचं पुढचं नाक पावणेपाच मिलिमीटर खाली आलं. साइडवॉल ९४ वरून ८९ मिमीवर आली. पुण्यातल्या स्पीडब्रेकरवर पहिल्या आकड्याची किंमत बंपरचा पुढचा ओठ घासून मोजावी लागते, दुसऱ्याची खड्ड्यात रिम वाकवून. पुढच्या-मागच्या चाकांच्या व्यासातला फरक मूळ २४ मिमी होता, तो साडेतेहेतीस झाला. एबीएस आणि स्थिरता नियंत्रण चारही चाकांच्या फेऱ्या एकमेकांशी ताडून बघत असतात, त्यांच्या हिशेबात हा बदल कुणी धरला होता? बसवताना कोणी विचारलंसुद्धा नाही.

३,२०० किमीनंतर मी खोलीमापकाने ट्रेड मोजला. मध्ये ६.१ मिमी, आतल्या कडेला ७.०, बाहेरच्या कडेला ७.२. हवा थंड टायरला, गाडीवरच्या पट्टीत छापल्याप्रमाणे. तुमच्या दुसऱ्या फोनवरच्या बाईंचं निदान होतं "अलाइनमेंट करून घ्या." अलाइनमेंट टायर बसवले त्याच दिवशी तुमच्याच केंद्रात केलं, त्याचा छापील रिपोर्ट माझ्याकडे आहे. कॅम्बर (चाकाचा उभा कल) चुकला असता तर एक कड आधी झिजली असती. टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) चुकला असता तर ट्रेडच्या ब्लॉकवर करवतीसारखी धार आली असती. मध्यभाग झिजतो तो हवा जास्त असली तर किंवा रिम अरुंद असलं तर. हवा बरोबर आहे.

आणि आता आजचा फोन, शब्द जमतील तितके जसेच्या तसे, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं आणि ते तुम्ही ऐकावं अशी माझी मागणी आहे. "सीनिअर टेक्निकल एक्स्पर्ट" म्हणून फोन जोडून दिला. मी म्हटलं, रिम ८ जे आहे. ते म्हणाले, "सर, रिम १९ आहे ना? टायर पण १९ आहे. मग बसणारच." मी म्हटलं, १९ हा व्यास झाला, मी रुंदी सांगतोय. ते म्हणाले, "जे म्हणजे काय, मॉडेल का?" मी समजावलं: ८ म्हणजे रिमच्या दोन कडांमधलं इंचातलं अंतर, जे म्हणजे त्या कडेचा आकार. थोडा वेळ शांतता. मग, "हे तुम्ही यूट्यूबवर बघितलंय का सर?" मी म्हटलं, तुमच्या कॅटलॉगात बघितलंय, पान उघडा. पान उघडलं नाही. ते म्हणाले, "तुम्हाला रुंदच पाहिजे होतं ना? दिलं ना रुंद?" पूर्ण उजवीकडे स्टिअरिंग वळवलं की टायर लायनरला (चाकावरच्या आतल्या आवरणाला) घासतो, हे मी तिसऱ्यांदा सांगितलं. त्यावर उत्तर, चाकामागे १५ मिमीची चकती, म्हणजे स्पेसर, घालायचं: "मग १५ चा स्पेसर टाका. एवढी महागडी गाडी घेतलीत, तर स्पेसरला काय एवढं?" मी विचारलं, स्पेसरने रिम ८ चं साडेआठ होईल का? फोन बंद.

तुमच्या तांत्रिक तज्ज्ञाला जे म्हणजे काय ते माहीत नाही. हे वाक्य मी पुन्हा लिहितो: टायर विकणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक तज्ज्ञाला ८ जे मधला जे माहीत नाही.

स्पेसरचा हा सल्ला टायरपेक्षाही धोक्याचा आहे. स्पेसर टाकायचा तर त्याच्या जाडीइतके लांब बोल्ट लागतात. या गाडीचे बोल्ट एम १४ × १.५, गोल सीटचे, म्हणजे रिमला टेकणारी बाजू गोल असलेले. शंकूच्या सीटचे बाजारी बोल्ट तिथे टेकत नाहीत आणि १६० न्यूटन मीटरला घट्ट आवळले तरी सैल होऊ शकतात. चाक १५ मिमी बाहेर गेलं की स्टिअरिंगवरचा ओढा बदलतो, बेअरिंगवरचा ताण वाढतो. आणि लायनरला घासणारा टायर आणखी बाहेर ढकलला तर तो मडगार्डची कड शोधतो. फोनवरून असा सल्ला देणाऱ्या माणसाला फोनपासून दूर ठेवा.

सांगायला काय हवं होतं? २४५/४० आर १९. रिमची मर्यादा ८ ते ९.५, म्हणजे ८ जे खालच्या टोकाला का होईना, पण आत. व्यास ६७८.६ मिमी, मूळापेक्षा १.२ टक्के मोठा. नाक चार मिमी वर. याच गाडीच्या जीटी४ या आवृत्तीला कारखान्याने पुढे २४५/३५ आर २० दिला आहे, व्यास ६७९.५, आणि त्यासाठी रिम साडेआठचं. कारखाना स्वतः २४५ वर थांबतो आणि २४५ साठी रिम रुंद करतो, तिथे तुम्ही ८ वर २५५ चढवता. साडेआठ इंचाचं, ईटी ५५ चं रिम घेतलं असतं तर आतल्या बाजूला ४.३५ मिमी आणि बाहेर ८.३५ मिमी जागा गेली असती. स्ट्रटपाशी (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्यापाशी) आणि लायनरपाशी तेवढी जागा आहे का, हे चाक उचलून, सस्पेन्शन दाबून, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग वळवून, मध्ये मातीचा गोळा धरून अर्ध्या तासात कळतं. जागा नसेल तर "२३५ च ठेवा, पुढचा कॅम्बर थोडा वाढवा" असं सांगायचं. त्यात तुमची विक्री झाली नसती, पण मी तुमचा ग्राहक राहिलो असतो. याआधीचे दोन्ही संच मी तुमच्याच टायरांचे घेतले. मागचे दोन आजही तुमचेच आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. म्हणून राग जास्त आहे.

दोन्ही टायरांची पूर्ण किंमत, फिटिंग, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचा खर्च १५ दिवसांत परत करा. झीज वजा करून रक्कम देऊ नका. ती झीज तुमच्या सल्ल्याची आहे. तुमच्या केंद्रांनी टायर विकण्याआधी बिलावर रिमची रुंदी लिहावी, असा लेखी आदेश काढा आणि त्याची प्रत मला पाठवा. हे झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करेन. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आजच करतोय. तुमचं एका ओळीचं उत्तर, कॅटलॉगाचं पान, अलाइनमेंट रिपोर्ट आणि खोलीमापकाचे फोटो सोबत जोडले आहेत.

दोन्ही टायर उतरवून ठेवले आहेत, गाडीला जुने २३५ परत लावले आहेत. उत्तर लेखी द्या, फोन करू नका. तपासणीला माणूस पाठवणार असाल तर रिमची रुंदी मोजता येणारा पाठवा.

तक्रारदार ग्राहक,
पुणे